शॉर्टस्टॉपला मी मत दिलं नाही

त्या जूनमध्ये आमच्या ऑफिसात कोणी काम करत होतं असं मला आठवत नाही. सेमिस्टर संपलं होतं, विद्यार्थी घरी गेले होते, आणि विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसातली आम्ही आठ-दहा माणसं ऑल-स्टारच्या मतपत्रिकांना भोकं पाडत बसलो होतो.

ऑल-स्टार म्हणजे बेसबॉलच्या मोसमाच्या मध्यावर होणारा सामना. देशभरातल्या संघांमधून निवडक खेळाडू घेऊन दोन संघ करतात, आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सोडला तर सुरुवातीला मैदानात कोण उतरणार हे चाहते मतं देऊन ठरवतात. ऐंशीच्या दशकात ही मतं जाड कागदाच्या पत्रिकेवर द्यायची असत. नावापुढच्या चौकोनावर टोकदार काहीतरी दाबलं की कागदाचा बारीक तुकडा निघून पडे. एका माणसानं किती पत्रिका भराव्यात याला धरबंध नव्हता. आमचे साहेब स्टेडियमवरून गठ्ठेच्या गठ्ठे आणायचे, जेवणाच्या टेबलावर टाकायचे आणि सगळ्यांना कामाला लावायचे. भरलेल्या पत्रिकांसाठी बुटांचा एक रिकामा खोका ठेवलेला असे. शनिवारी तीन तास गाडी हाकत ते तो खोका शहरातल्या स्टेडियमवर नेऊन रिकामा करायचे.

साहेब तेव्हा पंचावन्नच्या पुढचे होते. त्याच गावात जन्मलेले, त्याच विद्यापीठात शिकलेले, मधली दोन वर्षं कोरियाच्या लढाईत गेली तेवढीच काय ती बाहेर. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण त्यांच्या बोलण्यात मला कायम ‘तू’ ऐकू यायचा, आणि माझ्या बोलण्यातला ‘तुम्ही’ त्यांना ऐकू येत नसणार याची चीड यायची. मी नागपूरची. गणितात एम.एस्सी. नवऱ्याला इथं इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून आलेली, आणि माझ्या डिग्रीचं काय करायचं हे कोणालाच न कळल्यामुळे ग्रेडच्या फॉर्मवर शिक्के मारत बसलेली. मी तेव्हा फार कडू झाले होते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढच्या गोष्टीत मी फारच गरीब बिचारी वाटेन.

बेसबॉल मला माझ्या मुलीनं शिकवला. ती इथंच जन्मलेली, त्या वर्षी बारा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. स्वयंपाकघरात रेडिओ लावून ती सामन्याचा स्कोअर एका वहीत लिहायची. पोळ्या लाटता लाटता मी विचारायचे, हा आउट कसा, तो का पळाला. हळूहळू ती शाळेत किंवा मैदानावर असली की मीच वही भरू लागले. माझे वडील रेडिओला कान लावून क्रिकेट ऐकायचे आणि कसोटी संघ जाहीर झाला की निवड समितीला शिव्या घालायचे. मुंबईबाहेर यांना माणसं दिसतच नाहीत, म्हणायचे. त्यामुळे निवडीवरून भांडायचं शिक्षण माझं घरातच झालं होतं.

भांडण शॉर्टस्टॉपवरून झालं. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक, संघातला सगळ्यात चपळ माणूस. साहेबांच्या लाडक्या संघाचा शॉर्टस्टॉप पस्तिशी ओलांडलेला होता. पंधरा वर्षं एकाच संघात खेळलेला, हसरा, देवभोळा. पण त्या मोसमात त्याच्याकडून चेंडू लागत नव्हता आणि झेल सुटत होते. पश्चिमेकडच्या एका संघात बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा त्याच्या दुप्पट चांगला खेळत होता. माझ्या वहीत सगळं होतं.

“तुम्ही सगळे चुकीच्या माणसाला भोक पाडताय,” मी टेबलावर म्हणाले.

शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट हसली. ती माझ्याच वयाची, जाडजूड, सिगरेट ओढणारी. आमचं बरं जमायचं. रोज जेवताना माझ्या डब्यातली भाजी ती चाखून बघायची.

साहेब हसले नाहीत. “पंधरा वर्षं तो इथं उभा आहे,” ते म्हणाले. “दोन महिन्यांवरून माणूस मोजत नाहीत.”

“मग त्याचा सत्कार करा. ऑल-स्टार या वर्षीच्या खेळाचा असतो ना?”

“तुला कोणी सांगितलं ऑल-स्टार कशाचा असतो ते?”

“माझ्याकडे आकडे आहेत.”

“आकडे,” ते बाकीच्यांकडे बघत म्हणाले. “ज्या देशात हा खेळ खेळत नाहीत तिथून लोक आकडे घेऊन येतात.”

सगळे हसले. टायपिस्टही हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी समोरचा गठ्ठा ओढला आणि केसांतली पिन काढून एकेका पत्रिकेवर पश्चिमेकडच्या त्या पोराच्या नावाला भोक पाडू लागले. रोज जेवणाच्या सुट्टीत दुसरं काही केलं नाही. आठवडाभरात दोनशेच्या वर पत्रिका त्या बुटांच्या खोक्यात टाकल्या असतील. त्या पोराशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला साहेबांच्या खोक्यात बसून त्यांच्या माणसाला पाडायचं होतं.

शुक्रवारी दुपारी मी पाण्याला उठले तर साहेब खोका मांडीवर घेऊन पत्रिका निवडत होते. माझ्या पत्रिका बाजूला काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर. मी तिथं गेले, खाली बसले आणि डब्यातून एकेक पत्रिका बाहेर काढली. कोणाची तरी कॉफी सांडून काही ओल्या झाल्या होत्या. पाच मिनिटं लागली असतील. सगळं ऑफिस बघत होतं. मी त्या पिशवीत भरल्या आणि दुसऱ्या दिवशी पोस्टानं पाठवल्या.

एवढ्यावर राहिलं असतं तर ते नुसतं ऑफिसातलं भांडण होतं. पण पुढच्याच आठवड्यात कोचची बातमी फुटली.

आमच्या गावात चर्च सात होती आणि देव एकच, तो म्हणजे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा कोच. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो, बँकेत फोटो, आमच्या दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीसमोर फोटो, म्हणजे तोंड उघडून त्याच्याकडेच बघत बसायचं. दहा-बारा वर्षांत त्यानं ह्या कोपऱ्यातल्या विद्यापीठाला टीव्हीवर आणलं होतं. खेळाडूंना खेळायचं तर अभ्यासात ठरावीक ग्रेड लागे. त्याखाली गेला की तो बाकावर. आणि कोचचे खेळाडू कधीच बाकावर बसत नसत.

कसे बसत नसत ते मला त्या वसंत ऋतूतच कळलं होतं. नापासाची ग्रेड बदलून पास करायची तर प्राध्यापकाच्या सहीचा एक फॉर्म यायचा. त्याच्या तीन प्रती असत. पांढरी आमच्या फाइलला, पिवळी विद्यार्थ्याला, गुलाबी प्राध्यापकाच्या विभागाला. पांढरी मी लावायची, गुलाबी साहेब पाठवायचे. एरवी हे फॉर्म विद्यापीठाच्या टपालातून येत. पण मार्च-एप्रिलमध्ये सात फॉर्म कोचचा सहायक हातात घेऊन आला, थेट साहेबांच्या खोलीत, आणि तिथून ते माझ्या ट्रेमध्ये पडले. सातही बास्केटबॉलच्या खेळाडूंचे. सातांवर एकाच प्राध्यापकाची सही. आणि तो प्राध्यापक त्या सेमिस्टरला परदेशात होता. त्याचा वर्ग मीच वेळापत्रकातून काढला होता.

मी ते घेऊन साहेबांकडे गेले होते. “ही सही त्यांची असणं शक्य नाही,” मी म्हणाले होते.

साहेबांनी वर न बघता सांगितलं होतं, “एंटर कर.”

आणि मी केलं. सातही. कॉम्प्युटरच्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर एफ पुसून सी टाकला. का केलं? नोकरी होती, नागरिकत्वाचा अर्ज चालू होता, आणि खरं सांगायचं तर मला त्या विद्यापीठाबद्दल एवढं प्रेमच नव्हतं की त्यासाठी भांडावं. शॉर्टस्टॉपवरून मी भांडले. ह्यावरून नाही.

शहरातल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली. खोट्या सह्या, बदललेल्या ग्रेड, आणि फॉर्मच्या झेरॉक्स. ‘आतल्या एका व्यक्तीनं’ पाठवलेल्या, असं लिहिलं होतं.

सोमवारी मी ऑफिसात शिरले तेव्हा बोलणं थांबलं. कोणी काही विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही त्यांना. ज्या बाईनं कचऱ्यातून मतपत्रिका काढल्या, जिला ह्या गावाचं काही आवडत नाही, जी आकडे लिहून ठेवते, तिच्याशिवाय दुसरं कोण? जेवणाच्या सुट्टीत मी टेबलाशी बसले आणि एकेक जण उठून गेला. टायपिस्ट शेवटी उठली. जाताना म्हणाली, “माझ्या भावाच्या मुलाला तो या वर्षी स्कॉलरशिप देणार होता, माहितीय तुला?”

“मी काही केलेलं नाही.”

“असं कसं,” ती म्हणाली आणि ॲशट्रे उचलून घेऊन गेली.

बुधवारी माझा डबा फ्रीजमधून काढून कोणीतरी खिडकीबाहेर उन्हात ठेवला होता. गुरुवारी तो कचऱ्यात होता, जेवणासकट. मी तो उचलला नाही. मतपत्रिका उचलताना अंगात राग होता. ह्या वेळी नुसती शरम वाटली आणि शरम वाटल्याचा राग आला.

संध्याकाळी रेडिओवर लोक फोन करून बोलायचे. कोच निर्दोष आहे, हा शहरातल्या पत्रकारांचा डाव आहे, हे करणारं बाहेरून आलेलं कोणीतरी आहे. एक जण म्हणाला, “ज्यानं हे केलं त्यानं आपलं सामान बांधायला घ्यावं.” मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. मी रेडिओ बंद केला.

“मॉम, डिड यू डू इट?”

“नाही.”

“एव्हरीबडी सेज यू डिड.” तिच्या सॉफ्टबॉलच्या संघात मुलींनी तिला चेंडू टाकणं बंद केलं होतं. सरावाला तासभर ती नुसती उभी होती. “मग तू सांग ना त्यांना,” ती एकदम मराठीत म्हणाली, आणि तिचं मराठी ऐकून मला जास्त लागलं.

“सांगितलं. ऐकत नाहीत.”

“यू शुड हॅव जस्ट व्होटेड फॉर द शॉर्टस्टॉप,” ती म्हणाली आणि खोलीत गेली. दार आपटलं.

नवरा घरी आला तेव्हा त्यालाही कळलं होतं. प्रयोगशाळेत त्याला विचारणारे भेटलेच. तो हळू आवाजात बोलणारा माणूस, आवाज चढवत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडणं अवघड जाई.

“तू सांगितलंस का कोणाला?”

“तूही तेच विचारतोस?”

“मी फक्त विचारतोय. सिटिझनशिपची मुलाखत दोन महिन्यांवर आलीय. एवढंच.”

“आणि सांगितलं असतं तर?”

तो उठून मुलीच्या खोलीकडे गेला. त्याचं ते उठून जाणं मी पुष्कळ दिवस लक्षात ठेवलं.

ऑल-स्टारचा सामना बघायला आम्ही एका काकांकडे जमायचो. गावात मराठी कुटुंबं पाचच. काका सगळ्यांत जुने, विद्यापीठात प्राध्यापक, बास्केटबॉलची सीझनची तिकिटं असलेले, हॉलमध्ये कोचबरोबरचा स्वतःचा फोटो लावलेले. त्या वर्षी जाऊ नये असं मला वाटत होतं. नवरा म्हणाला, गेलो नाही तर लोक काय ते समजतील. म्हणून गेलो. मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेली चकली घेतली होती. ती काकूंनी घेतली आणि माझ्याकडे न बघता डब्यात ओतली.

साहेबांचा शॉर्टस्टॉप निवडून आला होता, भरघोस मतांनी. तो टोपी उंचावत मैदानात आला तेव्हा हॉलमधले सगळे टाळ्या वाजवत होते, माझी मुलगीसुद्धा. मी हात मांडीखाली घेऊन बसले. दुसऱ्या डावात त्यानं उजवीकडे सूर मारून एक असा चेंडू अडवला, गुडघ्यावर बसूनच फेकला, की माझ्या तोंडून “वा!” निघून गेलं. काकांनी ते ऐकलं.

“आता वा म्हणतेस?” ते म्हणाले. “ऑफिसात तर त्याच्याविरुद्ध मोहीम चालवली होतीस म्हणे.”

“मोहीम कसली काका, मतं दिली.”

“मतं! आणि कोचचं काय? पोरी, तुला काय गरज होती? वीस वर्षं मी इथं मान राखून राहिलोय. परवा डीननं मला विचारलं, ती तुमच्यातली का म्हणून. काय सांगू मी?”

“सांगा की ती आमच्यातली नाही.”

“हे बघ, उलट बोलू नकोस. त्या लोकांचा देव आहे तो. आपण पाहुणे आहोत इथं.”

“पाहुणे तुम्ही असाल,” मी म्हणाले. “मी इथं फॉर्मवर शिक्के मारते. पाहुण्यांना कोणी शिक्के मारायला बसवत नाही.”

 काकू स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आल्या. नवऱ्यानं गाडीची किल्ली काढली. सामना निम्माही झाला नव्हता. गाडीत मुलगी रडत होती, कारण तिला शेवटपर्यंत बघायचं होतं. त्यानंतर काकांच्या घरी आम्हाला बोलावणं आलं नाही. गणपतीला पाचातली चार कुटुंबं जमली.

जुलैच्या अखेरीस चौकशी समितीनं मला बोलावलं. दोन प्राध्यापक आणि विद्यापीठाची वकीलबाई, लांब टेबल, पाण्याचा जग. वकीलबाईंनी विचारलं, फॉर्म तुम्ही एंटर केलेत का? हो. काही खटकलं का? हो. मग काय केलंत?

“साहेबांना विचारलं. ते म्हणाले, एंटर कर.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. “तुमच्या साहेबांनी काल इथं सांगितलं,” एक प्राध्यापक म्हणाले, “की तुम्ही त्यांच्याकडे कधीच आला नाहीत. आणि हे फॉर्म त्यांनी पाहिलेच नव्हते.”

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात वकीलबाईंनी झेरॉक्स माझ्यासमोर सरकवल्या. वर्तमानपत्राला मिळालेल्याच. “हे तेच फॉर्म ना?”

मी बघितलं. खाली ‘विभागासाठी प्रत’ असं छापलेलं होतं. म्हणजे गुलाबी. गुलाबी प्रती माझ्याकडे कधी नसतच. आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं, झेरॉक्समध्ये फिकट आलेलं. तारीख, वेळ, आणि फॉर्म कोणी आणून दिला त्याचं नाव. सातही फॉर्मवर. सगळी अक्षरं कॅपिटल, चारचा आकडा वरून उघडा. सहा वर्षं मी त्या अक्षरातल्या चिठ्ठ्या वाचत होते. ते साहेबांचं अक्षर होतं.

पहिल्या फॉर्मपासून त्यांनी नोंद ठेवली होती. मला ‘एंटर कर’ म्हणून गुलाबी प्रती विभागाला न पाठवता स्वतःच्या खणात ठेवल्या होत्या, आणि जूनमध्ये त्यांच्या झेरॉक्स काढून शहरात धाडल्या होत्या.

“हे पेन्सिलीतलं ऑफिसातच लिहिलेलं आहे का?” वकीलबाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “आमच्या ऑफिसातलंच.”

त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. मी खोटं बोलले नव्हते. पुरतं खरंही सांगितलं नव्हतं. एक वाक्य आणखी बोलले असते तर साहेब खोटे ठरले असते, गावाचा राग माझ्यावरून उठून त्यांच्यावर बसला असता, आणि माझा डबा पुन्हा फ्रीजमध्ये राहिला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं, आणि का गिळलं ते मला त्या खोलीत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाइलींच्या खोलीत साहेब एकटे सापडले. मी दार लावून घेतलं.

“ते तुम्ही पाठवलंत,” मी म्हणाले.

ते मान खाली घालून फाइली चाळत राहिले. मग हात थांबला.

“तू त्यांना सांगितलंस?”

“नाही.”

“का?”

“अजून ठरवलेलं नाही.”

ते खुर्चीत बसले. एवढ्या मोठ्या माणसाला असं खचून बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.  मग त्यांनी सांगितलं, मार्चमध्ये त्या सातांपैकी एक खेळाडू खिडकीशी आला होता, सही करून आपली पिवळी प्रत न्यायला. साहेबांनी फॉर्म पुढे केला तर त्यानं विचारलं, मी कुठं लिहू? साहेब म्हणाले, जिथं तुझं नाव छापलंय तिथं. तो फॉर्मकडे बघत उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. चौथ्या वर्षाला होता.

“त्याची प्रत्येक मॅच मी बघितलीय,” साहेब म्हणाले. “चार वर्षं उभा राहून ओरडलो त्याच्यासाठी. आणि त्याला कोणी वाचायला शिकवलं नव्हतं. मी त्याचं बोट धरून जागा दाखवली.”

त्यांचे डोळे भरले होते. मला ते खरं वाटलं. आजही वाटतं. पण माझा राग तसूभर कमी झाला नाही.

“मग माझ्या नावाची चर्चा चालली होती तेव्हा गप्प का बसलात? समितीसमोर खोटं का बोललात?”

“मला इथंच मरायचंय,” ते म्हणाले. “माझी बायको इथं पुरलीय. मुलगा इथं दुकान चालवतो. तुम्ही लोक तसेही चार-सहा वर्षांत निघून जाता. तुला काय फरक पडतो?”

हे ते मला दुखवायला म्हणाले नव्हते, अगदी हिशेब पटवून द्यावा तसं शांतपणे म्हणाले. त्या उन्हाळ्यात मला पुष्कळ काही ऐकवलं गेलं होतं, पण एवढं लागलं काहीच नव्हतं.

“माझी मुलगी इथं जन्मलीय,” मी म्हणाले. “तिच्याकडे कोणी चेंडू टाकत नाही.”

 मी दार उघडून बाहेर आले.

ऑगस्टमध्ये कोचनं राजीनामा दिला. निरोपाला स्टेडियमच्या पायऱ्यांवर लोक रडत होते, टायपिस्टसुद्धा. दोन वर्षांत त्याला दक्षिणेत दुसरी, मोठी नोकरी मिळाली. सहायकाला काढून टाकलं. खेळाडूंपैकी तिघांना पुढच्या मोसमात खेळू दिलं नाही. ज्याला वाचता येत नव्हतं तो गाव सोडून गेला, कुठं गेला ते कोणी मला सांगू शकलं नाही. मला समितीकडून लेखी ताकीद मिळाली. साहेबांना काहीच नाही, कारण माझ्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द होता. नागरिकत्वाची मुलाखत पाच मिनिटांत पार पडली, मुलाखत घेणाऱ्या बाबाला आमच्या गावाचं नावही ठाऊक नव्हतं.

मी ती नोकरी सोडली नाही. नवरा म्हणाला, सोड. मी आणखी चौदा महिने त्याच टेबलाशी बसले, साहेबांच्या काचेच्या खोलीसमोर. एकटी जेवायचे. डबा गाडीत ठेवायचे. साहेब येता-जाता माझ्याकडे बघायचे आणि मी बघायचे. त्यांनी एकदा माझा पगार वाढवण्याची शिफारस केली, मी आभार मानले नाहीत. एकदा माझ्या टेबलावर शहरातल्या सामन्याची तीन तिकिटं ठेवली. मी ती उचलून त्यांच्या खोलीच्या दारात खाली ठेवून आले. नंतर नवऱ्याला नोव्हाय नावाच्या गावातल्या एका गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही निघालो, साहेब म्हणाले होते तसंच. ट्रक भरताना मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप येत होता.

मुलीला मी हे सगळं ती तिशीची झाल्यावर सांगितलं. ती तेव्हा वकिली करत होती, लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. ऐकून तिनं विचारलं, मराठीत, मोडक्यातोडक्या, “पण आई, तू त्यांचं नाव का नाही सांगितलं? दया आली?”

“नाही,” मी म्हणाले. “दया नाही आली. त्यांना रोज सकाळी मला बघावं लागावं, आज ही सांगणार का, असं रोज वाटावं, म्हणून नाही सांगितलं.”

“चौदा महिने?”

“चौदा महिने.”

“दॅट्स क्रूअल,” ती म्हणाली. मग लेकराला दुसऱ्या मांडीवर घेत, “मी बारा वर्षांची होते. मला कोणी बॉल टाकत नव्हतं. तू सांगितलं असतं तर टाकला असता.”

हे मला कधी सुचलं नव्हतं. खरंच नव्हतं. एवढी वर्षं मी ते वाक्य गिळलं ते माझं आणि साहेबांचं आपसातलं समजत होते. मी काहीतरी बोलायला गेले, पण लेकरू रडायला लागलं आणि ती त्याला घेऊन आत गेली.